माप पुरुषाच्या शर्टाचं: गुन्हेगार बाईतली ‘सायकोपॅथी’ मोजायची कशी?

कोर्टाच्या बातम्यांत एक वाक्य नेहमी भेटतं. ‘निकाल ऐकताना तिच्या डोळ्यांतून टिपूसही आलं नाही.’ आरोपी पुरुष असला की हे वाक्य बातमीदाराला सहसा सुचत नाही. पुरुष रडला तर बातमी होते, बाई रडली नाही तर.

२०२५ च्या मार्चमध्ये मेरठचं निळ्या ड्रमचं प्रकरण गाजलं. दोन-तीन महिन्यांत मेघालयात हनिमूनला गेलेल्या इंदूरच्या तरुणाच्या खुनाची बातमी आली. दोन्हीकडे बायको आरोपी. कोर्टाचा निकाल लागायचा तेव्हा लागेल, आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मात्र तो दुपारच्या जेवणाआधीच लागला होता: ‘सायकोपॅथ आहे ही, दुसरं काय!’ त्याखाली अंगठ्यांची रांग. मी विचारलं, काका, सायकोपॅथ म्हणजे नेमकं काय हो? उत्तर आलं, ‘डोक्यावर परिणाम झालेली. चेहऱ्यावरूनच कळतंय की.’

चेहऱ्यावरून कळत नाही. इतकंच काय, वीस निकषांच्या, तासन् तास चालणाऱ्या तपासणीतून तरी बाईच्या बाबतीत ते धड कळतं का, यावर या विषयातली माणसं गेली पंचवीस-तीस वर्षं भांडताहेत. ते भांडण काय आहे, ते सांगते.

डोकं फिरलेली वेगळी, काळीज न हलणारी वेगळी

काकांच्या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे. एक आहे सायकोसिस. त्यात माणसाचं वास्तवाशी नातं तुटतं. नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेले शत्रू दिसतात. स्किझोफ्रेनिया हे त्याचं ओळखीचं उदाहरण.

दुसरी सायकोपॅथी. यात भान शाबूत असतं. आपण काय करतोय, ते बेकायदा आहे, पकडलो गेलो तर काय होईल, सगळं ठाऊक असतं. समोरच्याचं दुःखही दिसतं, फक्त आत काही हलत नाही. गोड बोलून गंडवणं, कणव नसणं, केल्याचा पस्तावा नसणं आणि त्याच्या जोडीला उतावळं, बेजबाबदार जगणं, हे सगळं एकत्र आणि वर्षानुवर्षं टिकून असलं की त्याला सायकोपॅथी म्हणतात. सिग्नलचं उदाहरण घ्या. सायकोसिस झालेल्याला लाल दिवा हिरवा दिसतो. सायकोपॅथला लाल लालच दिसतो, पण थांबावंसं वाटत नाही.

कायद्यालाही हा फरक कळतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २२, म्हणजे जुन्या दंडविधानातलं ८४, मनोविकारामुळे आपण काय करतोय हेच ज्याला समजत नव्हतं त्याला वाचवतं. सायकोपॅथला ते समजत असतं, म्हणून ही वाट त्याला बंद आहे. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदान-नियमावलीत सायकोपॅथी नावाचा स्वतंत्र आजार नाही. तिथे ‘समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकार’ आहे, जो बराचसा सायकोपॅथीसारखा पण तोच नाही. म्हणजे ज्या शिक्क्यावरून एवढा गदारोळ चालतो, तो मुळात एका मोजपट्टीवरचा आकडा आहे.

वीस निकष, चाळीस गुण

ती मोजपट्टी आली कुठून? १९४१ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातले मनोविकारतज्ज्ञ हर्वी क्लेक्ली यांनी ‘द मास्क ऑफ सॅनिटी’ हे पुस्तक लिहिलं. शहाणपणाचा मुखवटा. वरून मिठ्ठास आणि हुशार, आत पोकळ अशा रुग्णांची त्यात रंगवून सांगितलेली वर्णनं आहेत. पुढे कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी त्यातून तुरुंगातल्या कैद्यांसाठी एक तपासणी-यादी तयार केली. पहिली १९८० मध्ये, सुधारलेली १९९१ मध्ये आणि तिची दुसरी आवृत्ती २००३ मध्ये. तिला पीसीएल-आर म्हणतात. जगभर आजही हीच सर्वांत जास्त वापरली जाते.

कैद्याने टिकमार्क करायची ही प्रश्नपत्रिका नाही. प्रशिक्षण घेतलेला तज्ज्ञ आधी फाइल वाचतो: पोलिसांचे कागद, शाळेचे, दवाखान्याचे, तुरुंगातल्या वागणुकीचे. मग दीड-दोन तासांची मुलाखत. फाइल भरभक्कम असेल तर वेळप्रसंगी मुलाखतीवाचून भागवता येतं, पण फाइलवाचून नुसत्या मुलाखतीवर गुण देता येत नाहीत. साधं आहे: सराईतपणे खोटं बोलणं हाच एक निकष असेल, तर माणसाच्या बोलण्यावर भिस्त कशी ठेवणार?

वीस निकष. लागू नसेल तर ०, थोडाफार लागू असेल तर १, पुरता लागू असेल तर २. एकूण ४०. उत्तर अमेरिकेत ३० किंवा जास्त पडले की सायकोपॅथ म्हणायची पद्धत आहे. युरोपात बऱ्याच ठिकाणी ही रेघ २५ वर ओढतात.

या निकषांचे ढोबळ दोन गठ्ठे होतात. पहिला आतल्या माणसाचा: वरवरची मिठ्ठास, स्वतःविषयी अवास्तव मोठेपणा, लबाडी, उथळ भावना, पस्तावा नसणं. दुसरा जगण्याच्या तऱ्हेचा: उतावळेपणा, बेजबाबदारी, लहानपणापासूनचे उपद्व्याप, तऱ्हेतऱ्हेचे गुन्हे. मार्कलिस्टसारखं बघा. दोघींना साठ टक्के, पण एकीला गणितात पंच्याण्णव नि भाषेत पंचवीस, दुसरीचं बरोबर उलटं. टक्केवारी सारखी, मुली सारख्या नाहीत. पुढचा सगळा वाद समजायला ही मार्कलिस्ट डोक्यात असू द्या.

पेपर कटिंग कोणाच्या मापाचं?

ब्लाउज शिवणाऱ्या कोणालाही विचारा. टेप सगळ्यांना तीच असते. छाती छत्तीस म्हणजे छत्तीस. पण पुरुषाच्या शर्टाचं पेपर कटिंग ठेवून ब्लाउज बेतला तर मुंढा उतरणार, टक्स घ्यायला जागाच नसणार. चूक टेपची नाही, कागदाची आहे.

पीसीएल-आरचा कागद पुरुष बघून बेतलेला आहे. क्लेक्लींच्या पुस्तकात सविस्तर सांगितलेले पंधरा रुग्ण आहेत, त्यांत बायका दोन. हेअर यांचं सुरुवातीचं काम पुरुषांच्या तुरुंगातलं. यात कुणाचा कावा नव्हता. जगात सगळीकडे तुरुंगात पुरुषच जास्त असतात. भारतात एकूण कैद्यांमध्ये बायका जेमतेम चार टक्के आहेत. हाताशी जे होते त्यांचा अभ्यास झाला.

आता तो कागद बाईवर ठेवून बघू. एक निकष आहे इतरांच्या जिवावर जगण्याचा. धडधाकट पुरुष कामधंदा न करता आईच्या पेन्शनवर, मैत्रिणीच्या पगारावर जगत असेल तर दोन गुण, विषय संपला. बाईचं काय? नवऱ्याच्या पगारात घर चालवणाऱ्या गृहिणीला कोणताही समंजस तज्ज्ञ गुण देणार नाही. पण एकामागून एक तीन पुरुषांकडे राहिलेली, त्यांच्या पैशावर जगलेली बाई? ती त्यांना लुबाडत होती, की डोक्यावर छप्पर मिळायची तिच्याकडे दुसरी सोयच नव्हती? फाइलमधली ओळ दोन्ही वेळा तीच असते.

दुसरा निकष अल्पकाळ टिकलेल्या अनेक संसारांचा. समजा, दोन कैदी आहेत, दोघींचेही तीन-तीन संसार मोडलेले. पहिली दर वेळी घरातले दागिने आणि पैसे घेऊन, नाव बदलून पुढच्या गावाला गेली. दुसरीचं सोळाव्या वर्षी लग्न लावून दिलं, मारहाणीतून सुटायला ती दुसऱ्याकडे गेली, तोही मारायला लागला म्हणून तिसऱ्याकडे. आकडा तीन आणि तीन. घाईत असलेला तज्ज्ञ दोघींना सारखेच गुण देऊन मोकळा होईल.

लैंगिक संबंधांबाबतचा निकष तर आणखी निसरडा. त्यात ‘अनेक’ म्हणजे किती, हे ठरवताना तपासणाऱ्याच्या मनातली पुरुषाची रेघ आणि बाईची रेघ एकाच उंचीवर असते का? आपल्याकडे पुरुषाला ‘रंगेल’ म्हणून हसून सोडतात. बाईसाठी जे शब्द आहेत ते इथे छापण्यासारखे नाहीत. गंमत म्हणजे हा निकष आणि संसारांचा निकष, हे दोन्ही पुरुषांमध्येसुद्धा वरच्या दोनपैकी कोणत्याच गठ्ठ्यात नीट बसत नाहीत. पण एकूण बेरजेत मोजले जातातच. चाळीसपैकी चार गुण.

तोच स्वभाव, वेगळं सोंग

आत्तापर्यंत बाईला नाहक जास्त गुण कसे पडतात ते पाहिलं. उलटही होतं: पडायला हवेत ते निसटतात.

लहानपणचे उपद्व्याप घ्या. बारा वर्षांच्या आतलं वागणं एका निकषात येतं, सतरा वर्षांपर्यंतचे गुन्हे दुसऱ्यात. मारामाऱ्या, चोऱ्या, जाळपोळ. मुलगा हे करतो तेव्हा शाळेत नोंद होते, पोलिसांत जातं. मुलींमधला दुष्टावा पुष्कळदा हाताने होतच नाही. एखादीला वाळीत टाकायचं, तिच्याबद्दल कंड्या पिकवायच्या, ‘तिच्याशी बोललीस तर माझ्याशी बोलू नकोस’. मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकापासून याला नातेसंबंधांतून केलेली आक्रमकता म्हणून मोजायला घेतलं. ज्यांनी मुलींच्या शाळेत दहा वर्षं काढली आहेत त्यांना हे संशोधनाशिवायही माहीत आहे. पण याची नोंद कोणत्याही पोलीस ठाण्यात नसते. फाइल कोरी, गुण शून्य.

२००५ मध्ये फोरूझान आणि कुक या दोन अभ्यासकांनी हा मुद्दा नीट मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मुळाशी स्वभाव एकच असला तरी तो बाहेर पडतो वेगवेगळ्या वाटांनी. पुरुषातला उतावळेपणा हाणामारीत दिसतो. बाईतला घरातून पळून जाण्यात, स्वतःला इजा करून घेण्यात, कोणाच्या तरी साथीने केलेल्या चोरीत किंवा फसवणुकीत. पुरुष धाकदपटशाने काम काढतो, बाई लाडीगोडीने. नेदरलँड्समधल्या व्हिव्हियन द फोगेल आणि सहकाऱ्यांनी न्यायवैद्यक रुग्णालयांतल्या १९७ स्त्रियांच्या फाइली तपासल्या. त्यांनाही साधारण हेच दिसलं: सायकोपॅथीचे गुण जास्त असलेल्या बायकांनी तशाच पुरुषांपेक्षा फसवणुकीचे गुन्हे जास्त केले होते, शारीरिक हिंसा कमी, आणि रुग्णालयात असताना त्या डावपेच खेळण्यात आणि स्वतःला इजा करण्यात पुढे होत्या.

गणिताच्या पेपरात फलंदाजाच्या स्ट्राइक रेटवर एक गणित आलं, असं समजा. भागाकार येणारी पण क्रिकेट न बघणारी मुलगी तिथे अडते. तिचे गुण गेले ते गणितामुळे नाही, क्रिकेटमुळे. एखादा प्रश्न दोन गटांना असा वेगळा वागवतो का, हे तपासायची संख्याशास्त्रीय रीत आहे. ती २००४ मध्ये पीसीएल-आरला लावून पाहिली, तेव्हा आतल्या माणसाच्या निकषांचं, म्हणजे पहिल्या गठ्ठ्याचं, वागणं स्त्री-पुरुषांत बरंचसं सारखं निघालं. क्रिकेटचा घोळ मुख्यतः दुसऱ्या गठ्ठ्यात होता. माझ्या मते या सगळ्या वादात हाती लागलेली ही सर्वांत कामाची गोष्ट आहे. बाईचा अहवाल हातात आला की एकूण बेरजेआधी बघायचं ते हे, की गुण कुठल्या गठ्ठ्यातून आलेत.

हाताला पडलेले घट्टे

जन्मतःच संवेदना नसलेला हात आणि वर्षानुवर्षं कुदळ धरून घट्टे पडलेला हात. चिमटा काढला तर दोन्हीला कळत नाही. पण दोन्ही हात एक नव्हेत.

बेन्जामिन कार्पमन नावाच्या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने हीच फोड १९४१ मध्येच, म्हणजे क्लेक्लींचं पुस्तक आलं त्याच वर्षी, केली होती. पहिल्या प्रकारात निबरपणा मुळातला, आत शांत, भीती कमी. दुसऱ्या प्रकारात तो आघातातून आलेला. आत चिंता, राग, उलथापालथ, वर टणक साल. बायकांच्या तुरुंगात हा दुसरा प्रकार विसरून चालतच नाही, कारण तिथे आलेल्यांमध्ये लहानपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड सोसलेल्यांचं प्रमाण फार मोठं असतं.

त्यात आणखी एक गुंता म्हणजे बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार. यात भावना सतत उकळत असतात, सोडून जाण्याची भीती अतोनात असते, माणूस रागाच्या भरात स्वतःला कापून घेतो, नाती जोडतो-तोडतो. पीसीएल-आरच्या दुसऱ्या गठ्ठ्यात या बाईला भराभर गुण मिळतात. पण तिची अडचण भावना नसण्याची नाही, भावना आवरता न येण्याची आहे. काही संशोधक तर म्हणतात, स्त्रियांमधली एका प्रकारची सायकोपॅथी बाहेरून बॉर्डरलाइनसारखीच दिसते. म्हणजे दोन डबे वेगळे आहेत की एकाच डब्याची दोन झाकणं, यावरच एकमत नाही.

एलीन वुर्नोसचं प्रकरण इथे आठवतं. १९८९-९० मध्ये फ्लॉरिडात सात पुरुषांना गोळ्या घालणारी ही बाई, ९ ऑक्टोबर २००२ रोजी विषारी इंजेक्शनने तिला मृत्युदंड दिला गेला. २००५ मध्ये न्यायवैद्यक नियतकालिकात आलेल्या अभ्यासात तिला पीसीएल-आरवर ४० पैकी ३२ दिले गेले. त्याच अभ्यासानुसार समाजविरोधी आणि बॉर्डरलाइन हे दोन्ही विकारही तिला लागू होत होते. आता तिचं बालपण बघा. चार वर्षांची व्हायच्या सुमारास आई सोडून गेली. बाप बाललैंगिक गुन्ह्यासाठी तुरुंगात गेला आणि तिथेच त्याने जीव दिला. चौदाव्या वर्षी ती गरोदर राहिली, पंधराव्या वर्षी आजोबांनी घराबाहेर काढलं, मग रस्त्यावर देहविक्री. ३२ हा आकडा चूक आहे, असं मी म्हणत नाही. पण लहानपणचे उपद्व्याप, अनेक लैंगिक संबंध, दीर्घकालीन ध्येय नसणं, हे निकष तिच्यापुढे ठेवताना हाताला घट्टे कसे पडले ते त्या आकड्यात कुठेच उमटत नाही.

पत्त्यांचा डाव

आकडे सोडून प्रयोगशाळेत जाऊ. १९८७ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोसेफ न्यूमन यांच्या गटाने कैद्यांना पत्ते खेळायला बसवलं. चित्राचं पान आलं तर पैसे मिळणार, आकड्याचं आलं तर जाणार. कधी थांबायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. मेख अशी की पहिल्या दहा पानांत नऊ जिंकण्याची, पुढच्या दहांत आठ, मग सात, असं करत शेवटच्या दहांत एकही नाही. शहाणा माणूस मध्यावर कुठेतरी उठतो. सायकोपॅथ पुरुष हरायला लागल्यावरही पान उलटत राहिले, खिसा रिकामा होईपर्यंत. चाललेल्या वाटेवरून मागे फिरायचं त्यांना जमत नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला आणि ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत गेली.

२००१ मध्ये जेनिफर व्हिताले आणि न्यूमन यांनी हाच डाव कैदी स्त्रियांपुढे मांडला. पीसीएल-आरवर वरचे गुण असलेल्या बायका पुरुषांसारख्या अडून बसल्या नाहीत. त्यांच्यात आणि बाकीच्या कैदी स्त्रियांत या बाबतीत फरक सापडला नाही.

याचा अर्थ दोन तऱ्हांनी लावता येतो. एक, बायकांमधली सायकोपॅथी आतून वेगळ्या यंत्रावर चालते. दोन, पट्टीने ज्या बायका निवडल्या त्यांतल्या बऱ्याच जणी मुळात सायकोपॅथ नव्हत्याच. मला दुसरी शक्यता जास्त खरी वाटते, पण हे एका डावावरून ठरत नाही.

‘मग बायकांमध्ये सायकोपॅथ कमी असतात का?’

अमेरिकेतल्या ५२८ कैदी स्त्रियांच्या २००२ च्या अभ्यासात ३० च्या वर गुण पडलेल्या नऊ टक्के निघाल्या. पुरुष कैद्यांमध्ये हे प्रमाण साधारण १५ ते २५ टक्के सांगतात. तेव्हा कमी दिसतात खऱ्या. पण दिसणं आणि असणं यांत पट्टी उभी आहे. नेदरलँड्सच्या गटाने स्त्रियांसाठी वेगळी पुरवणी-मार्गदर्शिका तयार केली आणि रेघ २३ वर आणली. रेघ खाली आणली की संख्या आपोआप वाढते. म्हणून ‘इतके टक्के बायका सायकोपॅथ’ अशी पोस्ट दिसली की आधी विचारायचं: रेघ कुठे ओढली होती?

‘म्हणजे बायकांना सवलत पाहिजे, असंच ना?’

हा आक्षेप येणारच, आणि तो फालतू नाही. उत्तर असं की अचूक माप घेतलं तर काही बायकांचे गुण घटतील, काहींचे वाढतील. गोड बोलून चार म्हाताऱ्यांची पुंजी साफ करणारी, कधीही कोणावर हात न उचललेली, पोलीस रेकॉर्ड नसलेली बाई आजच्या पट्टीवर सहज निसटते. ‘बाई आहे, ती कशाला असं करेल’ हा समजही तिला मदत करतो. सवलतीचा फायदा झाला तर तो आज तिला होतोय. आणि घट्टे पडलेल्या हाताने केलेला खून खूनच असतो. शिक्षा गुन्ह्याची होते, पीसीएल-आरच्या गुणांची नाही.

‘एवढं कशाला, ब्रेन मॅपिंग करून टाका’

आपल्याकडे हा पर्याय चर्चेत लगेच निघतो. पण या चाचण्या वेगळंच काही शोधतात: अमुक घटना या माणसाने अनुभवली आहे का. स्वभाव त्यात मोजला जात नाही. तेही विश्वासार्ह आहे का, हा प्रश्न वेगळाच. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुणीला खुनासाठी दोषी धरताना मेंदूच्या लहरींच्या अशाच चाचणीचा आधार घेतला, तेव्हा जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांनी भुवया उंचावल्या होत्या. २०१० मध्ये सेल्व्ही खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करता येणार नाही.

‘अशी माणसं सुधारत नाहीत. मग मोजून करायचं काय?’

‘उपचाराने सायकोपॅथ उलट जास्त बिघडतात’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. त्याचं मूळ मुख्यतः कॅनडातल्या ओंटारिओमधल्या एका सुरक्षित रुग्णालयात सापडतं. १९६० आणि ७० च्या दशकांत तिथे रुग्णांनीच एकमेकांवर उपचार करायचे, असा कार्यक्रम होता. बंद खोलीत दिवसचे दिवस, कधी विवस्त्र, कधी एलएसडी देऊन. त्यातून बाहेर पडलेले सायकोपॅथ पुढे जास्त हिंसक निघाले, असा अभ्यास १९९२ मध्ये आला. सगळे पुरुष, आणि उपचार हा असला. त्यावरून आजच्या तुरुंगातल्या बाईबद्दल काय बोलणार?

बायकांवरचा ठोस अभ्यास २००३ चा आहे. व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमातल्या ४०४ कैदी स्त्रिया. सायकोपॅथीचे गुण जास्त असलेल्या बायका कार्यक्रमात कमी टिकल्या, नियम जास्त मोडले, लघवीची तपासणी चुकवत राहिल्या. सुटल्यावर नवा गुन्हा कोण करेल याचा अंदाज पहिल्या, म्हणजे आतल्या माणसाच्या गठ्ठ्यावरून येत होता. म्हणजे मोजण्याला अर्थ आहे: कोणाला कसला कार्यक्रम द्यायचा, कोणावर जास्त लक्ष ठेवायचं, हे ठरवायला.

आपल्याकडे या प्रश्नाला फाशीची बाजू आहे. मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फाशीची शिक्षा ठरवण्याआधी दोषी व्यक्तीची मनोवैज्ञानिक तपासणी न्यायालयापुढे आली पाहिजे. माणूस सुधारू शकतो का, हा प्रश्न १९८० च्या बच्चन सिंग निकालापासून फाशीच्या खटल्यांत कळीचा आहे. कोल्हापूरच्या रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींना लहान मुलांचं अपहरण आणि खून यांसाठी २००१ मध्ये फाशी सुनावली गेली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली, ती दयेच्या अर्जावर सरकारने जवळपास आठ वर्षं घालवली म्हणून. त्यांच्या मनाच्या तपासणीचा त्यात प्रश्न आला नाही. यापुढच्या खटल्यांत येणार. अशा वेळी अहवालात ‘सायकोपॅथ’ हा शब्द असणं म्हणजे ‘सुधारणार नाही’ असं वाचलं जाणं.

आणि तो शब्द लिहिणारा माणूसच असतो. २०१३ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. शंभराहून जास्त न्यायवैद्यक तज्ज्ञांना त्याच त्या फाइली दिल्या. काहींना सांगितलं तुम्हाला सरकारी पक्षाने नेमलंय, काहींना सांगितलं बचाव पक्षाने. फाइल एकच असूनही ‘सरकारी’ तज्ज्ञांनी पीसीएल-आरवर सरासरी जास्त गुण दिले. पैसे कोण देतंय, याचा परिणाम त्या तज्ज्ञांवर झाला होता, आणि त्यातल्या बहुतेकांनी आपण तटस्थ आहोत असंच सांगितलं असतं.

रिकामी जागा

पीसीएल-आरच्या नियमांत एक सोय आहे, तिच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. एखाद्या निकषासाठी पुरेशी माहिती नसेल तर तिथे शून्य टाकायचं नाही, जागा मोकळी सोडायची. शून्य म्हणजे ‘हे या व्यक्तीत नाही’. मोकळी जागा म्हणजे ‘मला माहीत नाही’.

आता आपल्याकडच्या एखाद्या खेड्यातून तुरुंगात आलेल्या बाईची फाइल उघडा. शाळा चौथीत सुटली, तेव्हाचा दाखला सापडत नाही. बारा वर्षांपर्यंत ती कशी वागायची हे सांगायला माहेरचं कोणी भेटीला येत नाही. पहिला नवरा कुठे आहे कोणाला ठाऊक नाही. नोकरी कधी कागदावर नव्हतीच. लहानपणचे उपद्व्याप, अल्पवयातले गुन्हे, संसार, जबाबदारीने वागणं, दीर्घकालीन ध्येय: एकेका निकषापुढे जागा मोकळी राहत जाते. नियम सांगतो, पाचपेक्षा जास्त जागा मोकळ्या राहिल्या तर एकूण गुण काढायचेच नाहीत.